मेघवीर घर सोडून गेला तेव्हा

ताडकळसच्या घराचं कुलूप काढलं तेव्हा आतून चिंचेचा वास आला. वर्षभर बंद असलेल्या घरात चिंच कुठून असणार? पण मला आला. पुढच्या खोलीत आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं तेव्हा पितळेची भांडी चिंचेनं घासून उन्हात ओळीनं मांडलेली असत आणि सगळं अंगण त्या आंबूस, ओलसर वासानं भरून जाई. आमच्या लिंगायत घरात वडील म्हणजे आप्पा आणि आई म्हणजे अव्वा. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. अव्वा गेल्या वर्षी गेली. आता घर रिकामं करायचं होतं, म्हणून मी, माझी धाकटी बहीण उमा आणि उमाची नऊ वर्षांची स्वरा अशा तिघी परभणीहून सकाळच्या बसनं आलो होतो.

स्वरा थेट मधल्या खोलीत गेली. तिथं कोपऱ्यात आमचा जुना टीव्ही होता. लाकडी पेटीतला, शटर ओढून बंद करायचा.

"मावशी, हे कपाट आहे का?" म्हणत तिनं शटर सरकवलं. कर्र आवाज झाला.

मी त्रेचाळीस वर्षांची बाई, झरीच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवते. पण तो आवाज ऐकला की मी सोळा वर्षांची असते, रविवारचे साडेअकरा वाजलेले असतात आणि मला वाटत असतं, आज आमचं घर मोडणार.

त्या मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं. आम्ही तिला नुसतं मेघवीर म्हणायचो. मेघवीर म्हणजे तिचा नायक. एरवी एका म्हाताऱ्या वैद्याचा साधाभोळा मुलगा, खलबत्त्यात मुळ्या कुटत बसणारा. संकट आलं की राखाडी झूल पांघरून वाऱ्याला हाक मारायचा, कोसळणारा पूल पाठीवर तोलून धरायचा. गल्लीतली सगळी पोरं आमच्याकडे यायची. उमा सात वर्षांची होती. माझी राखाडी ओढणी गळ्याला बांधून ती पाटावर उभी राहायची आणि सुरुवातीचं संगीत वाजलं की दोन्ही हात पसरायची. आप्पा भांड्यांवर नावं घालायचे, त्या मशीनची घरघर सुरू झाली की टीव्हीवर आडव्या रेघा पडत. म्हणून रविवारी तो अर्धा तास ते मशीन बंद ठेवायचे. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "थांबा जरा. आमचा मेघवीर उडायलाय." मालिका संपली की पोरं गच्चीवर रचलेल्या पऱ्हाट्यांवर चढायची. कापसाची ती वाळकी झाडं कडाकडा मोडायची आणि त्यांचा कोरडा, मातकट वास उमाच्या केसांना संध्याकाळपर्यंत येत राहायचा.

उमा आमच्या घरात जन्मली नव्हती.

मी नऊ वर्षांची असताना आप्पा आणि अव्वा तिला लांबच्या शहरातल्या एका संस्थेतून घेऊन आले. तेव्हा आम्ही पूर्णेजवळच्या एका खेड्यात राहायचो. ती आली आणि महिन्याभरात आप्पांनी दुकान उचलून ताडकळसला आणलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मात्र आप्पांनी मला देवापुढे बसवलं, कपाळाला विभूती लावली, माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर माझाच हात ठेवला आणि म्हणाले, "ही तुझ्या पाठची बहीण. बस्स. कुणी इच्यारलं तर एवढंच सांगायचं. आन् उमाला बी कधी सांगायचं न्हाई."

मी मान डोलावली. नऊ वर्षांच्या मुलीला त्यात फार जड काही वाटलं नाही. मी वाढले तसं ते माझ्याबरोबर वाढत गेलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उमाचे कुरळे केस बघून म्हणायच्या, "ही कुणावर गेली हो?" अव्वा लगेच सांगायची, "माझ्या आत्यावर." ती आत्या आम्ही कुणीच बघितलेली नव्हती. पुढं उमा डावखुरी निघाली, तेही आत्यावर गेलं. तिचा आवाज किनरा, तोही आत्याचा. अव्वा इतक्या सहज सांगायची की मला त्या आत्याचा चेहरा दिसायला लागला होता. पण प्रत्येक वेळी घरी जाताना बायका एकमेकींकडे बघतात का, ते मी खिडकीतून बघत राहायचे.

आणि मग त्या रविवारी, भाग संपताना, पुढच्या भागातलं थोडं दाखवलं. एक म्हातारी मेघवीरपुढे बोट नाचवून सांगत होती, की ज्यांना तू आईबाप म्हणतोस ते तुझे कुणी नव्हेत.

तो आठवडा मला अजून दिवस-दिवस आठवतो. शाळेत फळ्यावरचं काही डोळ्यांत शिरत नव्हतं. उमा मात्र खुशीत होती. जेवताना, वेणी घालताना, तिचं एकच चाललेलं, "अक्का, रविवारी लय मोठं काहीतरी हाय!" शेवटी शुक्रवारी अव्वा भाकरी करत असताना मी चुलीजवळ जाऊन बसले.

"अव्वा, परवा टीव्ही लावू नको."

"का गं?"

"त्या मेघवीरला कळणार हाय. त्याला बी... आणलेला हाय."

तव्यावरची भाकरी फुगली. अव्वानं ती उलटली नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि पुढची थापायला घेतली.

"लहान हाय ती. तिला काय कळतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुला फ्यूज काढता येतो का गं?"

रविवारी पोरं जमली. उमा पाटावर चढली. संगीत सुरू झालं आणि मी मागच्या खोलीत पिंपावर उभी राहून चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज ओढून काढला. आतून एकदम ओरडा, "लाईन गेली! लाईन गेली!" मी फ्यूज मुठीत धरून तशीच उभी राहिले. वाटलं, जमलं. एवढ्यात उमा दारातून ओरडली, "अक्का, समोरच्यांचा पंखा फिरायलाय! त्यांची लाईन हाय!" आणि ओढणी फडफडवत ती गल्ली ओलांडून गेलीसुद्धा. तिच्यामागं सगळी पोरं.

मधल्या खोलीत अव्वा आणि मी दोघीच राहिलो, काळ्या पडद्यासमोर. अव्वानं सुपात ज्वारी घेतली होती. निवडून झालेली ज्वारी ती पुन्हा निवडत होती. समोरच्या घरातून संगीत ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण संगीत चढलं की मी मुठीतला फ्यूज आणखी आवळायचे. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तो शांतपणा सगळ्यात वाईट होता. दुकानातून आप्पांनी विचारलं, "लाईन आली का गं? मशीन लावू का?"

उमा परत आली तेव्हा ओढणी तिच्या गळ्यात नव्हती, हातात होती.

"तो गेला," ती म्हणाली.

"कोण?" अव्वानं विचारलं.

"मेघवीर. त्याला समजलं आन् तो घर सोडून गेला. त्याची आई ताट घेऊन दारात उभी होती. त्यानं मागं बघितलंच न्हाई."

अव्वा सूप खाली ठेवून परसात निघून गेली.

ऊन उतरल्यावर मी अंगणात बसून तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "अक्का, मला कुठून आणलंय?"

हा प्रश्न सगळी लेकरं विचारतात, हे आज मला माहीत आहे. पण तेव्हा मला वाटलं, आत्ता ती उठेल आणि ओढणी बांधून निघून जाईल. अव्वा ताट घेऊन दारात उभी राहील. माझ्या तोंडातून शब्द निघून गेले. "आणलंय काय? तू आपल्या घरातच झालीस. मी होते ना तिथं."

"खरंच? सांग ना मग."

मला बाळंतपणातलं काय माहीत असणार? मला एकच जन्म ठाऊक होता. माझा. तो अव्वानं मला दर वाढदिवसाला सांगितलेला. मी जन्मले त्या दिवशी गावाच्या ओढ्याला पूर आला होता आणि नर्सबाई पलीकडच्या काठावर अडकली होती. तेव्हा आप्पांनी गुऱ्हाळावरची काहिल, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी पसरट कढई, पाण्यात सोडली. नर्सबाईला तिच्यात बसवलं आणि दोन पोहणाऱ्यांनी ती ढकलत अलीकडे आणली. नर्सबाई मोठमोठ्यानं रडत होती. घरात शिरल्यावर तिनं आधी आप्पांना शिव्या घातल्या, मग मला जगात आणलं. आमच्या घरात नव्याकोऱ्या भांड्यांचे ढीग असायचे, पण माझी म्हणावी अशी वस्तू फारशी नव्हती. ही गोष्ट मात्र माझी होती, एकटीची.

ती मी उमाला दिली. पूर दिला, काहिल दिली, रडणारी नर्सबाई दिली. ती खरी वाटावी म्हणून कंदील धरून स्वतःला दारात उभं केलं. सांगता सांगता मान वळवली तर अव्वा परसाच्या दारात उभी. सगळं ऐकत होती. ती आता मला थांबवेल, असं वाटलं. थांबवावं, असंही वाटलं असेल. ती जवळ आली, पदरानं तोंड पुसलं आणि उमाला म्हणाली, "चपला सांगायच्या ऱ्हायल्या बघ. एका हातात औषधाची पेटी आन् दुसऱ्या हातात चपला. भिजू ने म्हणून डोक्यावर धरल्या होत्या बाईनं."

उमा खदखदून हसली. ओढणी पुन्हा गळ्याला बांधली आणि पळाली.

त्यानंतर ती गोष्ट अव्वा उमाच्या वाढदिवसाला सांगायला लागली. माझ्या वाढदिवसाला शेवयांची खीर व्हायची, मला मोठी वाटी मिळायची, आणि वाटी देताना अव्वा माझ्याकडे बघायची नाही. कुणी विचारलंच, मोठीचा जन्म कसा झाला, तर म्हणायची, "हिचा? साधाच." मला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण त्याहून भीती मोठी होती. उमाला विज्ञानाच्या तासाला रक्तगट शिकवले, तेव्हाची. उमाचं लग्न ठरताना पाहुण्यांनी पूर्णेकडची ओळख काढली, तेव्हाची. मेघवीर पुढं घरी परत आला की नाही, मला माहीत नाही. त्या रविवारनंतर मी तो कधी बघितला नाही.

शेवटच्या आजारपणात अव्वा माझ्याकडे परभणीला होती. एका सकाळी माझं मनगट धरून म्हणाली, "उमाचं तू बघ." एवढंच. सांभाळ म्हणाली की सांग म्हणाली, ते मी वर्षभर ठरवत होते. आता घरात ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले होते. मी गेले असते, तर उमाचं खरं येणं माझ्याबरोबरच गेलं असतं.

तर त्या दिवशी ताडकळसला दुपारी आम्ही भांडी कागदात गुंडाळत होतो. स्वरा खिडकीत बसून मोबाईलवर तिची मालिका बघत होती. तिच्या मालिकेतली नायिका मुलगी आहे, हातातून वीज सोडते.

"आई, हिला आत्ता कळलं की हिला दत्तक घेतलंय!" स्वरा म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. फक्त हिलाच नाही."

"बिचारी," उमा हसत म्हणाली. "आपलं बरं हाय बाई. माझ्या जन्माला तर अख्खं गाव साक्षीला होतं." आणि तिनं सुरू केलं. ओढा, पूर, काहिल. चपलाही विसरली नाही. शेवटी म्हणाली, "खोटं वाटत असंल तर अक्काला इच्यार. कंदील धरून उभी होती ती."

स्वरानं माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं मी यावर "होते की" म्हणत आले होते. त्या दिवशी मी हातातलं भांडं कागदासकट खाली ठेवलं.

उमा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "स्वरा, जरा अंगणात जाऊन बघ तुझी मालिका."

मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट चार वाक्यांत संपली, याचंच मला नवल वाटलं. उमाच्या हातात तांब्या होता. तो तिनं गुंडाळला, पिशवीत ठेवला, दुसरा घेतला.

"तुला कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् काहिल?"

"ती माझी."

तिचे हात थांबले. "म्हंजे दर वर्षी अव्वा मला... आन् तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

"तू जाशील असं वाटलं गं. तो मेघवीर गेला तशी."

"मी सात वर्षांची होते अक्का," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "कुठं जाणार होते मी? आन् आता चौतीस वर्षांची हाय. एवढ्या वर्षांत एकदा बी भरवसा वाटला न्हाई माझा?"

तिनं स्वराला हाक मारली, चपला घातल्या आणि चारच्या बसनं दोघी निघून गेल्या. तिनंही मागं बघितलं नाही. मी दारात उभी होते. रिकाम्या घरात मागं पंख्याचं पातं हवेनं हळूहळू फिरत होतं.

पुढचे अकरा दिवस मी फोन उशाशी, खिशात, ओट्यावर, शाळेत हजेरीपटाखाली ठेवला. मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत. एकदा ती काम करते त्या पोस्टापर्यंत गेले. काचेतून ती दिसली, डाव्या हातानं पाकिटांवर शिक्के मारत होती, ठक ठक, एका लयीत. आत जायचा धीर झाला नाही. तशीच परतले.

बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळी दार वाजलं. उमा होती, आणि मागं स्वरा. स्वरा खाली अंगणातल्या मांजरीकडे पळाली. उमा आत येऊन खुर्चीत न बसता स्वयंपाकघरात खाली बसली, लहानपणी बसायची तशी. डोळे सुजलेले होते.

"ती गोष्ट तुझी हाय," ती म्हणाली. "तू परत घे. मला नको असं न्हाई. लय जीव हाय माझा तिच्यावर. पण तुझी हाय ती."

मी ओट्यावरचा फोन बाजूला सारला.

"आता माझी सांग. जशी झाली तशी. त्यात पदरचं काय बी घालू नको."

मी तिच्यासमोर बसले आणि आठवेल तसं सांगत गेले. उन्हाळ्याची दुपार होती. मी गावाच्या फाट्यावर बाभळीखाली वाट बघत उभी होते. बस उशिरा आली. आधी आप्पा उतरले, हातात दुधाची रिकामी बाटली. मग अव्वा, तिच्याजवळ टॉवेलात गुंडाळलेली तू. अव्वानं मागून सांगितलं, अर्ध्या वाटेतच दूध संपलं होतं आणि तू रडून बस डोक्यावर घेतली होतीस. अव्वाला काही सुचेना. तेव्हा एका लमाणी बाईनं, जिच्या कडेवर तिचं स्वतःचं लेकरू होतं, तुला मागून घेतलं आणि पदराखाली धरून पोटभर पाजलं. तुम्ही उतरलात, बस हलली, तर ती बाई खिडकीतून निम्मी बाहेर आली. हातभर बांगड्या खळखळ वाजत होत्या. ती ओरडली, "ए बाई! पोरीचा ढेकर काढ गं!"

उमा ऐकत होती.

"काढला का?" तिनं विचारलं.

"आप्पांनी. तुला खांद्यावर घेऊन तिथंच धुळीत येरझाऱ्या घातल्या. तू त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सगळं दूध ओकलीस. अव्वा पुसायला गेली तर पुसू देईनात. तसेच गावातून चालत आले, सगळ्यांना दाखवत."

उमानं हसायला सुरुवात केली आणि मधेच तिचं हसू रडण्यात गेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

"नाव काय होतं त्या बाईचं?"

"कुणी इच्यारलंच न्हाई गं."

तिनं पदरानं नाक पुसलं, उठून दारात गेली आणि खाली हाक मारली, "स्वरा! वर ये लवकर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती आली की पयल्यापासून सांग. बस उशिरा आली तिथपासून."